अनुक्रमांक चारशे बारा

नको, नको, त्या बाकावर नको बसूस. इकडे ये, या स्टुलावर. बाकाचा एक पाय मोडलाय, आणि तू पडलास नवरदेव. लग्न महिन्यावर आलेलं असताना सीबच्या बाजारात, या सूकात, कंबर मोडून घेतलीस, तर तुझी आई मला गावात पाय ठेवू द्यायची नाही. तसाही मी कुठं ठेवतोय म्हणा—सव्वीस वर्षांत चार वेळा गेलो, तेही आठ-आठ दिवस, तेही मे महिन्यात, आंबे खाल्ले की पळालो. असो. चहा घे. एक वाजता सूक बंद होतो, त्याच्या आत तुला मोकळा करतो, मग तू तुझ्या माबेल्याला, खोलीवर जा. तर वहिनी, तुझी आई, काय म्हणाली? परत सांग, तिच्या शब्दांत सांग. 'कोट रामाभावजींकडेच दे, दुसऱ्याच्या हातात देऊ नको.' बरं. आणि पत्रिकेचं? 'रामाभावजी सांगतील तसं छाप.' अस्सं. म्हणजे तुझ्या बापाच्या नावामागं 'श्री.' लावायचं की 'कै.' लावायचं, हे ओमानातल्या एका शिंप्यानं ठरवायचं! आणि तो चिपळूणचा छापखानेवाला तिकडं मशीन थांबवून बसलाय, संध्याकाळपर्यंत कळवा म्हणून. वा रे वा. निशांत, तू इंजिनिअर ना? कंपनीत एवढ्या मोठमोठ्या पायपा बसवतोस, आणि एवढं एक अक्षर तुला बसवता येत नाही?

नाही, हसू नकोस. मी हसलो तरी तू हसू नकोस. कळतंय मला. तुझ्या होणाऱ्या बायकोचे, मैथिलीचे, वडील पुण्याचे, त्यांचं बरोबरच आहे—लग्नाआधी नांदीश्राद्ध होणार, भटजी विचारणार, वडील आहेत की नाहीत? नसतील तर पितरांत नाव घ्यायचं, असतील तर त्यांनी पाटावर बसायचं. मधला पाट नाही ठेवलेला कुणी. आणि तुझी आई कुंकू लावून बसलेली. सव्वीस वर्षं. पितृपक्षात पान नाही वाढलं तिनं, वर्षश्राद्ध नाही. लष्कराचा कागद आला—बेपत्ता, मृत मानण्यात येत आहे—तो तिनं ट्रंकेत तळाला घातला आणि वर हा कोट ठेवला. हाच ना? आण इकडे. थांब, हात पुसतो.

हं.

हा मी शिवलाय, माहितेय तुला? नाही सांगितलं तिनं? अठ्ठ्याण्णव साली, तुझ्या बापाच्या लग्नाचा. कापड चिपळूणहून आणलेलं, अस्तर माझ्या पदरचं. ताना आणि मी बालवाडीपासून एका बाकावर—तो फौजेत गेला, मी बापाच्या मशीनवर बसलो. त्याचं माप मला तोंडपाठ आहे रे. छाती अडतीस, कंबर एकतीस, डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली. लहानपणी आंब्यावरून पडलेला, म्हणून. मी डाव्या खांद्यात कापूस जास्त भरला, कुणाला कळलं नाही, लग्नात देवासारखा सरळ दिसला. माझं काम तसंच असतं. इथं सहमला होतो ना पहिली काही वर्षं, तिथं एक कोळी यायचा, इतका उंच, इतका उंच की मी त्याच्या दिशदाशाचं, त्या पायघोळ झग्याचं, माप घ्यायला खजुराच्या झाडावर चढायचो! त्याच्या गळ्याचा गोंडा मी वरून शिवला, आणि खालची पट्टी माझ्या बायकोनं खालून. प्रेमाला विचार. काय? प्रेमा तेव्हा ओमानात नव्हतीच? बरं, नव्हती. बघ, तुला सगळं ठाऊक. थापाड्या म्हणतात मला गावात, म्हणू देत. थाप म्हणजे काय, सत्याच्या कडेला ठेवलेली दोन इंच माया. लागली तर सैल करता येते.

हे बोटातलं? अंगुस्तान आहे, सुई बोचू नये म्हणून घालायची टोपी. हो रे बाबा, माहितेय मला, अंगुस्तान उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालतात. मी डाव्या हाताच्या तर्जनीत घालतो. सवय. तिथं कातडी जळालीय जुनी, म्हणून झाकतो. इथं रेसिडेंट कार्डाला गेलो की मशीनवर बोटं ठेवायला लावतात, तर हे बोट मशीन घेतच नाही. ती पोरगी सांगते पुसा, मी पुसतो, परत सांगते पुसा. दर दोन वर्षांनी तेच. एकदा तिनं स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, बाबा, हे बोट तुमचंच आहे ना? मी म्हटलं इन्शाल्ला. सगळं ऑफिस हसलं. मी पण हसलो.

उभा राहा. घाल बघू कोट. हात खाली सोड, असा, आणि श्वास ओढू नकोस.

तर निवडणुकीचं. तुला ती गोष्ट आईनं सांगितलीच असणार, तू तीच ऐकत मोठा झालास. पण माझ्या तोंडून ऐक, मी तिथं होतो. नव्व्याण्णव साल. लढाई जुलैत संपली, आणि सप्टेंबरात, गणपतीच्या तोंडावर, मतदान. लोकसभा आणि विधानसभा एकदम, एक कागद पांढरा, एक गुलाबी. आणि काय सांगू तुला, गावागावात चुरस! एका बाजूला आमचे भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. भावाभावांत बोलणं बंद. एका घरात तर नवरा भाऊसाहेबांचा, बायको डॉक्टरांची, दोघांच्या मध्ये म्हैस बांधलेली, म्हैस कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघेही उमेदवार सभेत तुझ्या बापाचं नाव घ्यायचे. 'आपल्या मातीचा जवान तानाजी पड्याळ'—एकानं म्हटलं की दुसऱ्यानं म्हणायचं, फोटोला हार एकानं घातला की दुसऱ्यानं त्याहून मोठा घालायचा. वहिनीनं दोन्ही हार उचलून गोठ्यात टाकले. फोटोला हार घालायला माणूस मेलाय का, म्हणाली. सहावा महिना होता तिला. तू होतास पोटात. आणि ती जेवत नव्हती. जून गेला, जुलै गेला, श्रावण गेला, पेज प्यायची जराशी, बस. सुईण मीराबाई मला म्हणाली, रामा, ही अशीच राहिली तर मूल हाताला लागायचं नाही.

मग मतदानाचा दिवस. मराठी शाळा, पुढचं दार आत जायला, मागचं दार बाहेर पडायला. पाऊस बारीक. बायकांची रांग पडवीत, पुरुषांची ताडपत्रीखाली. बारा-साडेबाराला आतून तो अधिकारी—बाहेरच्या तालुक्यातला मास्तर, गावात कुणाला ओळखत नाही—मोठ्यानं पुकारतो: 'अनुक्रमांक चारशे बारा, तानाजी गोविंद पड्याळ.' आणि वहिनी रांगेत उभी. ती तशीच धावली, दारात पोलिसानं अडवून धरली, सोडल्यावर आत. कुठायत? मास्तर म्हणतो, आत्ता मत टाकून गेले की, मागच्या दारानं. बोटाला शाई लावलेली, यादीत नावावर रेघ मारलेली. सरकारी यादी! ती मागच्या दारानं बाहेर, तर विहिरीपाशी मी. म्हणाली, 'भावजी, तुम्ही बघितलंत त्यांना?' मी म्हटलं, हो वहिनी. बघितलं. दाढी वाढलेली, घाईत होता. लष्कराचं गुपित काम आहे, परदेशात जायचंय, कुणाला बोलू नका म्हणाला. ती तिथंच बसली विहिरीच्या काठावर, रडली, मग हसली. आणि घरी जाऊन जेवली. भात जेवली, दोन वेळा घेऊन. मीराबाई साक्ष आहे, म्हणजे होती. मार्गशीर्षात तू झालास, साडेसहा पौंडांचा.

हो, ही गोष्ट. हीच.

मोजणीचं नाही तुला माहीत. मोजणी महिन्यानं झाली, पितृपक्षात. राज्यभरच्या पेट्या महिनाभर कुलपात, आणि उघडल्या कधी, तर घराघरांत पानं वाढलेली असताना! मी भाऊसाहेबांकडून टेबलावर बसलेलो. सगळ्या गावांचे कागद एकात मिसळून गठ्ठे बांधायचे, म्हणजे कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळू नये. चाळीस गावांची माणसं एका हौदात. रेडिओ लावलेला, मुंबईचे आले, विदर्भाचे आले, मराठवाड्याचे आले. कुणालाच बहुमत नाही, तिकडं सरकार कुणाचं कळेना आणि कोकणातल्या आमच्या एका तालुक्याचं घोडं अडलेलं. एक फेरी डॉक्टर पुढं, एक फेरी भाऊसाहेब पुढं. फेरमोजणी. तेवढ्यात खिडकीतून कावळा आत आला, टेबलावर बसला, एक गुलाबी कागद चोचीत धरला आणि माझ्याकडं बघत राहिला. सगळे ओरडले, पोलीस काठी घेऊन धावला, कावळ्यानं कागद माझ्या पुढ्यात टाकला आणि गेला. तो कागद भाऊसाहेबांचा निघाला. आणि भाऊसाहेब आले. किती मतांनी? एका. एका मतानं आले, निशांत!

त्याच भाऊसाहेबांच्या मेव्हण्याचं सहमला युनिफॉर्म शिवायचं काम होतं. दिवाळीत माझा व्हिसा आला. सगळ्या कार्यकर्त्यांत मलाच का? अरे, कारागीर चांगला होतो म्हणून. दुसरं काय असणार.

सरळ उभा राहा. हलू नकोस. टाचण्या लागतील.

काय विचारलंस? शाळेतून बाहेर पडताना मफलर होता का दाढी होती? मी काय म्हटलं आत्ता, दाढी म्हटलं ना? आई मफलर सांगते? असेल, मफलरही असेल. पाऊस होता. दाढी, वरून मफलर. आणि मी विहिरीपाशी काय करत होतो? पाणी पीत होतो. तुम्ही लोक ना, कॉम्प्युटरवाले, सगळं दोनदा तपासता.

मग काय, दर गणपतीला मी इथून फोन करायचो गावात, आणि वहिनी विचारायची, भावजी, काय खबर? आता परदेशात गेलाय म्हणून मीच सांगून बसलेलो, आणि परदेशात मीच येऊन पडलो. मग मी एकदा सांगितलं, वहिनी, सहमच्या मासळीबाजारात एक माणूस पाठमोरा दिसला, चाल तीच. ती म्हणाली, बारीक झालेत का? मी म्हटलं, नाही, बरे आहेत. पुढच्या वर्षी म्हटलं, सोहारच्या बंदरावर. त्याच्या पुढच्या वर्षी, परत सहमलाच, मशिदीच्या बाहेर, डावा खांदा खाली. मी काय केलं, दर वर्षी एक टाका घातला. तेवढ्यावर ती वर्ष काढायची. तुला कॉलेजला घातलं, शेती केली, घर शाकारलं—कशावर? माझ्या एका फोनवर. पुण्य आहे का नाही त्यात?

आणि मग तो खरंच दिसला.

हस. हस की, आता का हसत नाहीस? सहमला, सकाळी आठ वाजता, मासळीचा लिलाव चाललेला, उन्हानं डोळे उघडत नाहीत, अंगाला घाम चिकटलेला, आणि त्या सगळ्या लुंग्या-दिशदाशांमध्ये एक माणूस कोटात. निळ्या कोटात. या कोटात, निशांत. हा कोट तेव्हा तुझ्या आईच्या ट्रंकेत, वर डांबराच्या गोळ्या, आणि मी इथं त्याच्या डाव्या खांद्यातला माझा कापूस बघतोय. मी मागं गेलो नाही. तोच वळला. ओला होता, बर्फ वितळल्यावर माणूस होईल तसा. आणि त्यानं काय विचारलं असेल? बायको कशी आहे, मुलगा झाला का मुलगी, काही नाही. म्हणाला, 'रामा, माझं मत कुणाला टाकलंस?'

पाणी दे जरा. तो जग. नाही, मीच घेतो.

मी सहम सोडलं, इकडं आलो, अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, हे दुकान घेतलं चालवायला. अर्बाबची आई, खुदेजा, म्हातारी आहे, डोळ्यांनी अधू. ती येते अबाया, तो काळा बुरखा, शिवून घ्यायला. पहिल्या दिवशी आत आली, मला सलाम केला, आणि मग त्या रिकाम्या बाकाकडं वळून बाकाला सलाम केला. मी म्हटलं अम्मा, तिथं बसा. म्हणाली, नको, ते बसलेत. आता म्हातारी माणसं कशालाही सलाम करतात. शिलाई मशीनला पण केला असेल तिनं, मी बघितला नसेल.

झालं माप. बघ आरशात. निशांत, हा कोट तुला बसलाय. जसाच्या तसा. छाती अडतीस, कंबर एकतीस, तुझे दोन्ही खांदे सरळ, एवढाच काय तो फरक, तेवढा कापूस काढतो. मग वहिनीनं दुरुस्ती कसली सांगितलीय? हां, खिशात चिठ्ठी आहे म्हणालास ना. दे. चष्मा... हा.

'रामाभावजी, कंबर दोन इंच सैल करा. बाह्या तशाच.'

दोन इंच. तुला सैल कशाला? तू काय मोदक खाऊन दोन इंच वाढणार आहेस? लग्नाला महिना, मुलं उलट वाळतात. मग हे दोन इंच कुणाला?

थांब. बोलू नकोस.

पंचावन्नला आला असता तो आता. पंचावन्नाव्या वर्षी पोट सुटतं. मला सुटलंय, बघ. तिनं हिशेब केलाय रे. माझ्याकडे बघून केला असेल, मागच्या मे महिन्यात आलो होतो तेव्हा. मी आंबे खात होतो आणि ती माझ्या कमरेकडं बघत होती. हा कोट तुझ्यासाठी नाही पाठवलेला. तुझ्या हातानं पाठवलाय. मी त्याला बघतो ना दर वर्षी? तर मी त्याला द्यायचा. त्यानं लग्नाला घालून यायचं. पाटावर बसायचं. म्हणून 'रामाभावजी सांगतील तसं छाप'. तो येणार असेल तर 'श्री.' ना!

असा बघू नकोस माझ्याकडं. हे अंगुस्तान... काढतो. घे, बघ. बोट बघ. हा पांढरा डाग दिसतो ना, काजूच्या टरफलाचं तेल आहे ते. शाई निघते त्यानं, कातडीही निघते. सकाळी मी माझं मत टाकलं, रामकृष्ण म्हणून. मग शाई घालवली. मग मफलर बांधून परत रांगेत. फौजीचं नाव वेगळ्या यादीत असतं, त्याचं मत पोस्टानं जातं, पण आमच्या तलाठ्यानं जुन्या यादीतून काढायचं राहून गेलेलं. चारशे बारा. भाऊसाहेबांच्या माणसांनी यादीवर खुणा करून दिल्या होत्या, मुंबईला गेलेले, मेलेले, आणि हा. मी म्हटलं, तानाचं मी टाकतो, इतर कुणी नको. मला वाटलं, मित्राचं आहे, निदान मित्राच्या हातानं. डॉक्टरांचा एजंट ओळखायचा मला, म्हणून त्याला मी मिसळ पाठवली होती, तो बाहेर खायला बसलेला. सगळं नीट बेतलं होतं रे, कापड बेततात तसं. वहिनी संध्याकाळी येणार होती मताला. ती दुपारीच आली, सकाळपासून चक्कर येत होती म्हणून, उजेडात जाऊन येऊ म्हणाली.

मी विहिरीपाशी पाणी पीत नव्हतो. दुसऱ्यांदा तेल लावत होतो. बोट आग आग करत होतं, पदरानं डोळे पुसत ती समोर उभी, आणि विचारते, भावजी, तुम्ही बघितलंत त्यांना? मी बोट मुठीत दाबलं. खरं बोललो असतो तर तिनं तिथंच हंबरडा फोडला असता, पोलीस आले असते, फेरमतदान झालं असतं, मी आत गेलो असतो. एवढं मी तेवढ्या वेळात मोजलं. ती जेवली, तू जन्मलास, हे मी नंतर मोजलं. आधी माझंच मोजलं. ही गोष्ट उलटी सांगतो मी लोकांना. आत्ता तुलाही उलटीच सांगितली.

आणि एक मत नव्हतं. सत्तावीस मतांनी आले ते. सत्तावीस. एका मतानं म्हणतो मी सगळ्यांना, का? एका मतानं आले असते तर निदान म्हणता आलं असतं की तानाच्या मतानं निवडून आले, त्याचा काहीतरी उपयोग झाला. सत्तावीसमधून एक काढलं तरी सव्वीस राहतात. काही अडलं नसतं. मी घरी झोपून राहिलो असतो तरी तेच भाऊसाहेब, तेच हार, तेच सगळं. आणि कावळा आत आला नव्हता. खिडकीबाहेर, गजांवर बसलेला. पण होता. सकाळपासून होता, मोजणी संपेपर्यंत होता. आमच्या घरी पान वाढलं तर शिवत नव्हता, आणि तिथं हलत नव्हता.

बोल की काहीतरी. शिवी दे. आईवरून नको देऊ, आई चांगली होती माझी, पण दे. नाही? बरं. तुझ्या बापासारखाच आहेस, तोही असाच उभा राहायचा, वर्गात छडी खाताना.

फोन वाजतोय तुझा. कोण, छापखानेवाला? नाही—तीच आहे. नको, उचलू नकोस. उचल. नको, स्पीकरवर टाकू नकोस, मला तिचा आवाज... वाजू दे. वाजून थांबेल. थांबला. बघ, मी सव्वीस वर्षं बोलतोय तिच्याशी आणि आत्ता एक वाक्य येत नाही. एक साधं वाक्य, त्याला ना दाढी लावायची, ना मफलर. तू सांग तिला. फोनवर नको सांगू, शेजारी बस आणि सांग. आणि सांग की, पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करतात, देह सापडला नाही तर, आमच्या काकाची केली होती तशी, समुद्रात गेला होता तो. भटजींना माहीत असतं. नांदीश्राद्धाच्या आधी करून घ्या. मी येईन. मे महिना नसला तरी येईन. दारात उभं नाही केलंत तर रस्त्यावर उभा राहीन.

कोट काढू नकोस. टाचण्या काढतो मी, हलू नकोस. ही एक... ही दुसरी. कंबर सैल करत नाही. घालून जा तसाच. गरम होईल, गाडीत एसी लाव. आणि त्या छापखानेवाल्याला कळव, गाडीत बसल्या बसल्या कळव. तानाजी गोविंद पड्याळ, मागं 'कै.' लाव. रामाकाकानं सांगितलं म्हणून सांग. नाही, थांब, शिंप्यानं सांगितलं म्हण. ज्यानं चारशे बाराचं मत टाकलं, त्यानं सांगितलं म्हण.

जा आता. यल्ला, चल, एक वाजला, मला शटर पाडायचंय. पाया पडू नकोस रे, वेडा आहेस का! जा, जा. काच ओढून घे नीट, गार हवा जाते.

गेला.

ऐकलंस ना, ताना? सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं, पण शेवटी सांगितलं. मुलगा आहे. साडेसहा पौंडांचा होता. कोट बसला त्याला. आणि मत कुणाला टाकलं ते सव्वीस वर्षं विचारतोयस, तर भाऊसाहेबांना. तुझ्याशिवायही आले असते ते.

आता तरी ऊठ त्या बाकावरून.